साडेसात वाव

महिपत तांडेलाला समुद्रातलं काही शिकवायला जाऊ नये, हे पूर्णगडात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कोणी गेलाच, तर महिपत त्याचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घ्यायचा, मान तिरकी करून एकदा आभाळाकडे बघायचा आणि "बरा," एवढंच म्हणायचा. त्या एका शब्दाने सांगणाऱ्याची पार रया जायची. वय सत्तरीला टेकलेलं. साठी उलटेपर्यंत हा माणूस खडपात, पाण्याखालच्या खडकांत अडकलेली जाळी सोडवायला समुद्राच्या तळाशी जात होता. पाठीवर टाकी नाही, तोंडाला नळी नाही. छातीत भरून घेतलेला एक श्वास, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक होडीत धाकट्या भावाच्या हातात. एक हिसका म्हणजे ठीक चाललंय, दोन हिसके म्हणजे ओढ वर. अर्ध्या बंदराची जाळी त्याने अशी सोडवून दिली होती, आणि त्याचा ताठा त्याला होताच.

असा हा महिपत त्या सोमवारी दुपारी रत्नागिरीतल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्यावर एका काचेच्या नळकांड्यासमोर उभा होता, आणि त्याला "बरा" म्हणायचंही सुचत नव्हतं.

नळकांडं चांगलं पुरुषभर लांब होतं. आत गादी, एका टोकाला जाडजूड दार, बाजूला काटे हलणाऱ्या तबकड्या. आत एक दाढीवाला माणूस पायाला पट्टी बांधून निवांत पडला होता.

"हे गृहस्थ आत्ता चौदा मीटर समुद्राखाली आहेत, असं समजा," डॉक्टर वेदिका म्हणाल्या.

महिपतने खिडकीतून खाली पाहिलं. खाली रिक्षा स्टँड होता. एक जण कोयत्याने शहाळी सोलत होता आणि दोन रिक्षावाले पेपरातलं काहीतरी वाचून हसत होते. त्याने पुन्हा काचेकडे पाहिलं. आतला माणूस नाक खाजवत होता.

हे सगळं काशीच्या नाकापासून सुरू झालं होतं. काशी ही त्याची बायको, पंचेचाळीस वर्षांच्या संसारातली. बंदरावर मासळी विकणारी, आवाजाने कावळे उडवणारी बाई. तिला साखरेचा आजार होता आणि गोळ्यांनी तोंड कडू होतं म्हणून ती त्या पिठाच्या डब्यामागे लपवत होती. मुलगा विनीत बोटीवर, तिकडे कुठल्या समुद्रात असेल तिथून फोन करून विचारायचा, "आये, गोळ्या घेतेस ना?" आणि ही छातीवर हात ठेवून "घेते" म्हणायची. मग एक दिवस नाक चोंदलं. गाल सुजला, दाढ दुखते म्हणून तिने लवंग धरली. चौथ्या दिवशी सकाळी डाव्या डोळ्याची पापणी पडली ती उचलेना, आणि तोंडात टाळूवर काळा डाग दिसला. तेव्हा कुठे महिपतने तिला रिक्षात घातलं.

बुरशी होती. ओल्या भिंतीवर, शिळ्या भाकरीवर येते तिच्याच भावकीतली, पण हिने माणसाच्या नाकात घर केलं होतं. डॉक्टर वेदिका नाक-कान-घशाच्या. वयाने चाळिशीच्या आत, बोलायला सरळ. त्यांनी त्याच दिवशी ऑपरेशन करून नाकातलं आणि गालामागचं मेलेलं मांस खरवडून काढलं, सलाईनमधून बुरशीचं औषध सुरू केलं, साखर इन्शुलिनने ताब्यात आणली. पाच दिवस झाले. पण रोज सकाळी त्या दुर्बीण घालून बघत, आणि कड अजून काळीच होती.

"काका, साधं सांगते," त्या म्हणाल्या. "ही बुरशी रक्ताच्या वाटा बुजवते. रक्त पोचलं नाही की मांस मरतं, आणि रक्त पोचत नाही तिथे माझं औषधही पोचत नाही. मी खरवडते तेव्हा रक्त आलं पाहिजे. रक्त येतं ते जिवंत. डोळ्याच्या बाजूला मला अजून रक्त दिसत नाही. शनिवारी सकाळी मी पुन्हा बघेन. तेव्हाही कड कोरडी असेल तर डोळा काढावा लागेल, नाहीतर ती मेंदूकडे जाईल."

"नि या पेटीत घातलाव तर?"

"गोटी सोडा पाहिलायत ना? दाबाखाली वायू पाण्यात विरघळून बसतो. तसंच हे. आत शुद्ध ऑक्सिजन, समुद्राखाली असतो तेवढा दाब. तो रक्ताच्या पाण्यातच विरघळतो आणि जिथे रक्त नुसतं पाझरतंय तिथपर्यंत जातो. तग धरून असलेलं मांस जगायला मदत होते. पण ही नुसती जोड आहे. खरं काम औषध, ऑपरेशन आणि साखर या तिघांचं. सगळे डॉक्टर ही पेटी वापरतात असंही नाही. मी खात्री देत नाही. पण माझी आई असती तर मी तिला आत घातलं असतं."

महिपतने सही केली. मग त्याने दोन्ही हात पसरून हवेत काहीतरी मोजलं. दर्यात खोली मीटरने मोजत नाहीत, वावेने मोजतात. दोन्ही हात फाकल्यावर या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. चौदा मीटर म्हणजे साडेसात वाव, वर थोडं. गडाच्या खालच्या अंगाला खडप होतं ते बरोबर तेवढ्या खोलीवर. तिथे त्याच्या कानात सुया शिरायच्या, छाती आवळायची, आणि वरचा उजेड हिरवा दिसायचा. तिथे श्वास संपत आला की माणसाला आपली आई आठवते. आणि इथे ही पोरगी म्हणत होती की तिथे नेऊन ती काशीला श्वास पाजणार आहे. सगळं आयुष्य समुद्राने त्याच्याकडून श्वास मागितला होता. समुद्राला उलटं वागायला लावणारी माणसं त्याने आजवर पाहिली नव्हती, आणि त्याला त्यांची भीतीच वाटली.

पेटी चालवणारी मुलगी जयगडची होती, दिशा नावाची. सडसडीत, चष्मेवाली, कामात चोख. तिने नियम सांगितले. अंगावर फक्त सुती कपडे. दागिना नाही, मोबाईल नाही, पावडर नाही, तेल नाही, मलम नाही. महिपतने सगळ्याला मान डोलावली. हॉस्पिटलात आल्यापासून त्याला उदबत्ती नाही, चपला आत नाही, दोघांनी बसायचं नाही, असं इतकं काय काय नाही म्हणून सांगितलं होतं की हेही त्यातच जमा झालं. का नाही, ते त्याने विचारलं नाही. तांडेल माणूस, विचारून घ्यायची सवय नव्हती.

खाटेवर काशी एका डोळ्याने त्याची वाट बघत होती. त्याने तिला सगळं सांगितलं, आणि सांगताना स्वतःच्याच तोऱ्यात म्हणाला, "साडेसात वाव खाली जायचा हाय तुला, काशे. गडाखालच्या खडपाएवढा."

काशीने दोन्ही कानांना हात लावून पाहिलं. मग म्हणाली, "माज्या अंगाला तेल कोण लावणार?"

आता हे तेल काय ते सांगायला हवं. लग्न झालं त्या वर्षापासून महिपत बुडी मारायला निघाला की काशी खोबरेल कोमट करायची. दोन थेंब या कानात, दोन त्या कानात, तळहातभर छातीला आणि बोटभर डोक्याच्या टाळूवर. पूर्णगडात पाण्याखाली जाणारा माणूस कोरडा जात नसे. तेल लावलेल्याला दर्या धरून ठेवत नाही, असं तिच्या सासूने तिला सांगितलं होतं आणि काशीने ते मनाशी घट्ट धरलं होतं. एकदा घाईत तो तसाच निघाला तर ही बाई वाटी घेऊन गुडघाभर पाण्यात होडीमागे धावली होती. होडी थांबवून, बाकीचे खलाशी हसत असताना, तिने त्याच्या कानात तेल घातलं होतं. आणि तो दर वेळी वर आला होता.

"त्यांनी नको म्हटलाय," महिपत म्हणाला.

"त्या पोरीला दर्यातला काय ठाव? अवो, मी कोरडी नाय जायची. नायतर डोळा काढूंदे माझा."

काशी हट्टाला पेटली की पुढे बोलण्यात अर्थ नसे. आणि खरं सांगायचं तर महिपतलाही ते मनातून पटत होतं. सुनेने आंबाबर्फी पाठवली होती त्या पिशवीतच तेलाची बाटली होती. मंगळवारी सकाळी न्हाणीघराच्या दाराशी त्याने बाटली तळहातात धरून कोमट केली. दोन थेंब या कानात, दोन त्या कानात. तळहातभर छातीला. टाळूवर बोटभर. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तो तिला तेल लावत होता. काशीने उघडा डोळाही मिटून घेतला आणि तिचा चेहरा एकदम निवला.

दहा वाजता दिशाने विचारलं, "मावशी, तेल, क्रीम काही लावलं नाही ना?" काशी गप्प राहिली. दिशाने महिपतकडे पाहिलं.

"नाय," महिपत म्हणाला.

वॉर्डात फिनेलचा वास एवढा होता आणि दिशाच्या तोंडाला मास्क, की तेलाचा वास तिला आलाच नाही. काशीच्या केसांवर सुती टोपी चढली होती. दिशाने तिच्या मनगटाला एक पट्टी बांधली, तिची तार पेटीला जोडली. महिपतला ती बघून बरं वाटलं. त्याला वाटलं, हा दोर. काशीनेही ते ओळखलं असावं, कारण आत सरकताना तिने त्याला हाताने खूण केली. काचेवर एक टकटक म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढा वर. मंगळसूत्र त्याच्या खिशात होतं.

दार लागलं. काटा हलू लागला.

पहिल्या वावेलाच काशीचा चेहरा आक्रसला. तिचा हात कानाकडे गेला. महिपतला ते दुखणं आपल्याच कानात कळलं. नाक दाबून फुंकर मार, असं तो ओरडणार होता, इतक्यात दिशा म्हणाली, "नाकाचं ऑपरेशन झालंय, नाक दाबायचं नाही. नुसता आवंढा गिळायला सांगा." तिने पेटीत आवाज नेणाऱ्या फोनचा रिसीव्हर त्याच्या हातात दिला. "काशे," तो म्हणाला, "आवंढा गीळ. जबडा हलव. पान चावतेस ना, तसा." काशीने जबडा हलवला, आणि थोड्या वेळाने तिच्या कपाळावरची आठी गेली. तिने काचेवर एक टकटक केली.

काटा उतरत होता. दोन वाव, चार, सहा. साडेसातला थांबला. काशी तिथे होती, समुद्राच्या तळाशी, कोरड्या सुती झग्यात, पोटावर हात ठेवून. तिची छाती सावकाश वरखाली होत होती. महिपतने आपला श्वास कधी रोखून धरला होता ते त्याला कळलंच नाही. तो सुटला तेव्हा काच धूसर झाली. त्याने ती बाहीने पुसली आणि तिथेच स्टुलावर बसला. आपण देवळात बसलोय असं त्याला वाटत होतं.

वीसेक मिनिटं गेली असतील. काल पेटीत होता त्या दाढीवाल्याची बायको पुढच्या पाळीसाठी आली होती. ती दिशाला कुरकुरत विचारत होती, रोज रोज साबणाने यांचं डोकं धुवायला का लावता, सर्दी होईल त्यांना.

"ताई, आत नुसता ऑक्सिजन आहे," दिशा म्हणाली. "त्यात तेल पेटायला काडी लागत नाही. पांघरूण घासून बारीकशी ठिणगी उडाली तरी पुरते. म्हणून तर ती मनगटाची पट्टी, ठिणगी जमिनीत जावी म्हणून. आणि आत पेटलं तर मला दार उघडायलाही वेळ मिळत नाही."

महिपत स्टुलावरून उठला. उठला म्हणजे काय, त्याचे पायच त्याला उठवून घेऊन गेले. तो दिशासमोर उभा राहिला. मग तो म्हणाला, "मी लावलाय."

"काय?"

"तेल. कानात, छातीला नि टाळूवर. मी खोटा बोललो गो पोरी."

दिशाने त्याच्याकडे पाहिलं, एवढंच. मग ती तबकड्यांशी होती, एक हात कळीवर, दुसऱ्या हातात फोन. तिचा आवाज जराही चढला नव्हता. "मावशी, आज तुम्हाला लवकर वर घेते. अजिबात हलायचं नाही. पांघरुणाला हात लावू नका. श्वास रोखायचा नाही, आवंढा गिळत राहा."

"लवकर काढ," महिपत म्हणाला.

"काढतेय. याहून घाईने आणलं तर छातीला इजा होईल."

हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. तळातून घाईने वर आलेली माणसं त्याने पाहिली होती. पाच-सहा मिनिटं लागणार होती. महिपत काचेला चिकटला. काशी त्याच्याकडे बघत होती, आपलं काहीतरी बिघडलंय हे तिला कळलं होतं आणि तिचा हात पांघरुणाकडे निघाला होता. महिपतने दोन्ही तळवे काचेवर आडवे टेकवले. बुडीच्या वेळी भाऊ होडीतून असेच तळवे आडवे धरायचा, त्याचा अर्थ होता, आहेस तिथे थांब, हलू नको. ती खूण काशीने हजार वेळा बंदरावरून पाहिली होती. तिचा हात अधांतरी थांबला आणि हळूच पोटावर परत आला. मग ती हलली नाही. पापणीसुद्धा नाही. एक डोळा उघडा, त्याच्या डोळ्यात रोवलेला, आणि घशात तेवढा आवंढा वरखाली होत होता. का, कशाला, हे तिने विचारलं नव्हतं. त्याने थांब म्हटलं म्हणून ती थांबली होती. महिपतला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

दार उघडलं तेव्हा काशी जशी आत गेली होती तशीच बाहेर आली. महिपत भिंतीला टेकून खाली बसला आणि पंचा तोंडात कोंबून रडला. दिशाने काशीला खाटेवर घेतलं, टोपी काढून केसांना टिपकागद लावला, तो उजेडात धरला. कागद पारदर्शक झाला होता.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही मला खोटं सांगितलंत." आता मात्र तिचा आवाज कापत होता.

डॉक्टर वेदिका आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ओरडल्या नाहीत, त्यामुळे महिपतला जास्तच लागलं. एक पाळी वाया गेली होती, शनिवारपर्यंतच्या बोटांवर मोजण्यासारख्या पाळ्यांतली एक. संध्याकाळी पाच वाजता जागा होती. तोवर अंगावर तेलाचा थेंब राहिला नाही तर दिशा घेईल. "पण मावशींना आत जायचं असलं पाहिजे," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तुमच्या शब्दावर आम्हाला चालता आलं पाहिजे, काका."

महिपत खाटेशी गेला. काशीला त्याने खरं ते सांगितलं, पेटण्याचंसुद्धा. ती ऐकत राहिली. तिचा सुजलेला गाल नुसता थरथरला.

"मंजे आता कोरडीच जायचा," ती म्हणाली. "नि वर नाय आले तर?"

तो खाटेवर वाकला. मग म्हणाला, "काशे, एक सांगू? मी तेलानं वर येत नव्हतो."

"मग?"

"खाली दम संपला की डोळ्यांपुढं काळोखी यायची. तवा मला येवढाच दिसायचा, ही बया बंदरावर वाटी घेऊन उभी असंल, नि मी नाय गेलो तर सगळ्या गावाला शिव्या देत बसंल. म्हणून वर यायचो. तू उभी असायचीस म्हणून."

काशीने तोंड फिरवलं. उशीवर एका डोळ्याचं पाणी उतरत होतं. तशीच भिंतीकडे बघत ती म्हणाली, "मग तुमी उभे रावा. बसायचा नाय. नि डोळा हलवायचा नाय माझ्यावरून."

"नाय हलवत."

त्या दुपारी त्याने तिचं डोकं धुतलं. एकदा साबणाने, दुसऱ्यांदा साबणाने, तिसऱ्यांदा. नर्सने कान स्वच्छ करून दिले. पंचेचाळीस वर्षांत जे तेल त्या केसांत मुरलं होतं ते त्याला एका दुपारी काढायचं होतं आणि ते निघायला तयार नव्हतं. चौथ्या वेळी टिपकागद कोरडा राहिला. दिशाने तो पाहिला, मग महिपतकडे दिला. "आजपासून हा तुम्ही बघायचा," ती म्हणाली. "तुम्ही हो म्हणाल तेव्हाच मी दार लावीन." आणि महिपतने तो कागद खिडकीशी नेऊन असा काही निरखला, जणू वर बारीक अक्षरात त्याचंच नाव लिहिलं होतं.

पाच वाजता काशी कोरडी गेली. महिपत दोन तास उभा राहिला. बुधवारी सकाळ-संध्याकाळ, गुरुवारी, शुक्रवारीही तसंच. त्याचे गुडघे ओरडत होते. दिशाने स्टूल पुढे केलं तर त्याने ते पायाने बाजूला सारलं. दाढीवाल्याच्या बायकोचीही आता सुटका नव्हती. म्हातारा तिच्या नवऱ्याच्या केसांचा वास घ्यायचा आणि शंका आली तर सरळ परत पाठवायचा. विनीतचा फोन आला तर त्याला म्हणाला, "आये तुझी खाली गेलीय, मागून कर." बोटीवरच्या पोराने त्यातून काय समजायचं, ते याच्या लक्षातही आलं नाही.

शनिवारी सकाळी डॉक्टर वेदिकांनी त्याला आत बोलावलं. काशी खुर्चीत डोकं मागे टेकून बसली होती. नाकात बारीक दुर्बीण, आणि समोर पडद्यावर तिच्या नाकाचं आतलं मोठं होऊन दिसत होतं. महिपतला ती गुहा वाटली. ओली, खडबडीत, कुठे फिकी, कुठे काळी. गडाखालच्या खडपात अशीच कपार होती आणि तिच्यात त्याने कितीदा हात घातला होता. डॉक्टरांचं हत्यार पडद्यावर पुढे सरकलं. डोळ्याच्या बाजूची ती कड. काळी खपली होती. हत्याराने ती उचलली. खाली करडं काहीतरी दिसत होतं. डॉक्टरांनी ते हलकेच खरवडलं.

काही झालं नाही.

त्यांनी पुन्हा एकदा, किंचित आत खरवडलं. काशी कण्हली. आणि त्या करड्यातून एक लाल ठिपका वर आला. मोहरीएवढा. बघता बघता त्याचा मणी झाला, मणी फुटला आणि रक्त त्या कपारीतून हळूहळू खाली ओघळलं.

डॉक्टर वेदिका आणखी दोन ठिकाणी बघत होत्या. तिथेही लाल. त्यांनी दुर्बीण काढली आणि मास्क खाली केला तेव्हा त्या हसत होत्या, आणि डोळे भरलेले होते.

"डोळा राहतोय, काका," त्या म्हणाल्या. "कशाने, ते मला विचारू नका. औषध, चाकू, साखर, ती पेटी, सगळ्यांनी मिळून ओढलंय. अजून बरेच दिवस जायचेत. पेटीच्या तीस पाळ्या पुऱ्या करू."

दर्यात रक्त दिसलं की महिपत आधी होडीतली माणसं मोजायचा. रक्त म्हणजे हात कापला, पाय गेला, कोणीतरी घरी यायचा नाही. आणि आज तो एका थेंबासमोर हात जोडून उभा होता. पडदा केव्हाच काळा झाला होता तरी त्याचे हात सुटत नव्हते. किती खोल गेला तो वारा, त्याच्या मनात येत होतं. साडेसात वाव खाली, आणि तिथून पुन्हा आत, जिथे रक्ताचीही वाट बंद झाली होती तिथे. आपण नुसती जाळी सोडवली.

तिसाव्या पाळीनंतर काशीला घरी सोडलं. गोळ्या चालू राहणार होत्या, इन्शुलिन चालू राहणार होतं, आणि पिठाचा डबा महिपतने आता स्वतःच्या ताब्यात घेतला होता. पापणी अर्धी वर आली होती. त्या डोळ्याला किती दिसेल ते हळूहळू कळेल, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. निघताना दिशा दोघांच्या पाया पडली तेव्हा काशीने तिला जवळ घेतलं आणि तिच्या केसांकडे बघून म्हणाली, "किती कोरडे गो केस तुझे."

भाट्याचा पूल ओलांडल्यावर काशीने रिक्षा थांबवायला लावली. सुरूच्या झाडांखाली दोघं उतरली. समोर समुद्र शांत पडला होता. काशीने पिशवीत हात घालून तेलाची बाटली काढली आणि त्याच्यापुढे धरली. महिन्याभरात तिच्या डोक्याला थेंब लागला नव्हता.

महिपतने झाकण उघडलं, तळहातावर तेल घेतलं, आणि त्याचा हात मध्येच थांबला. त्याने मागे वळून पाहिलं, जणू सुरूच्या झाडाआडून दिशा कागद घेऊन येणार होती. रिक्षावाला बिडी पेटवत होता. "लांब जा रे," महिपत त्याच्यावर खेकसला. "चांगला लांब जा." काशी इतकी हसली की तिला गाल धरावा लागला. रिक्षावाला काही न कळून पुलापर्यंत चालत गेला. मग महिपतने तिच्या टाळूवर तेल घातलं आणि बराच वेळ ते जिरवत राहिला.

ते झाल्यावर काशी वळून त्याच्यासमोर उभी राहिली. उजव्या डोळ्यावर तिने तळहात झाकला. डाव्या, अर्ध्या उघड्या डोळ्याने ती समोर बघू लागली. महिपतच्या पाठीमागे सगळा समुद्र होता, दोन होड्या होत्या, लांब एक मोठी बोट होती. तो श्वास रोखून उभा राहिला.

"काय दिसता?" त्याने विचारलं.

काशीने डोळा बारीक केला. मान इकडे कलवली, तिकडे कलवली. जवळ आली.

"कानावर केस किती वाढलेत तुमच्या," ती म्हणाली. "कापून घ्या."

महिपतने मान तिरकी करून आभाळाकडे पाहिलं. बराच वेळ त्याला ती खाली आणता आली नाही.

"बरा," तो म्हणाला.